एल्विसच्या तबकडीवरून लेकीशी झालेला वाद

पत्र

मी मूळचा दादरचा. नोकरीच्या निमित्ताने अमेरिकेत आलो आणि बरीच वर्षे न्यू जर्सीतील एडिसन येथे स्थायिक आहे. कॉलेजात असताना एका मित्राच्या घरी एल्विस प्रेस्ली पहिल्यांदा ऐकला, आणि तेव्हापासून तो माझा लाडका गायक आहे. माझी मुलगी इथेच जन्मली, वाढली आणि आता विद्यापीठात शिकते. तिची जिवलग मैत्रीण कृष्णवर्णीय आहे. ती आमच्याकडे जेवायला आली असताना मी हौसेने एल्विसची गाणी लावली. मैत्रीण काही बोलली नाही, पण ती गेल्यावर मुलगी माझ्यावर उखडली. "हा माणूस चोर होता, आणि लहानपणी मी जिची गाणी ऐकायचे ती मायली सायरसही त्यातलीच. कृष्णवर्णीयांकडून घ्यायचे, नाव आणि पैसा कमवायचा, आणि काम झाले की पाठ फिरवायची," असे ती म्हणाली. मी म्हणालो, कलेला जात नसते. आपल्या नाट्यसंगीताने कानडी चाली घेतल्याच ना, मग किर्लोस्करांनाही चोर म्हणायचे का? त्यावर ती ताटावरून उठून गेली. आता आम्ही बोलतो, पण कामापुरते. तिचे म्हणणे खरे आहे का? मी ही गाणी ऐकणे सोडावे का? आणि हा विषय तिच्यापाशी पुन्हा काढायचा तर कसा काढावा?

एक वाचक, एडिसन

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नांची थेट उत्तरे आधी देतो आणि कारणे मग सांगतो. आपल्या कन्येचे म्हणणे बहुतांशी खरे आहे. फक्त 'चोर' म्हटल्याने सगळा दोष एका गायकावर जातो आणि ज्या व्यवस्थेने हिशेब बुडवला ती नामानिराळी राहते. एल्विस ऐकणे सोडण्याची गरज नाही. विषय जरूर काढावा, मात्र 'कलेला जात नसते' या वाक्याने सुरुवात करू नये, कारण तिने जे विचारले होते त्याचे ते उत्तर नव्हते. गाणे कोणी गायचे, हा तिचा प्रश्नच नव्हता. त्या गाण्याचा पैसा आणि नाव कोणाच्या पदरात पडले, हे ती विचारत होती.

यासाठी एकच तबकडी जवळून पाहू. आपण एल्विसचे इतके चाहते आहात की तिची गाणी आपल्याला तोंडपाठ असतील. जुलै १९५६ मध्ये आरसीए कंपनीने ती बाजारात आणली. एका बाजूला 'हाउंड डॉग' आणि दुसऱ्या बाजूला 'डोन्ट बी क्रुएल'. अमेरिकेच्या पॉप यादीत ती ११ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली, आणि कंट्री (मुख्यतः ग्रामीण गोऱ्यांचे संगीत) व रिदम अँड ब्लूज (कृष्णवर्णीयांचे लोकप्रिय संगीत) या दोन्ही याद्यांतही अव्वल ठरली. एल्विस त्या वेळी २१ वर्षांचा होता.

'हाउंड डॉग' हे गाणे त्याच्या चार वर्षे आधी, ऑगस्ट १९५२ मध्ये, लॉस एंजेलिस येथे ध्वनिमुद्रित झाले होते. गायिका होती अलाबामाहून आलेली विली मे थॉर्नटन, जिला तिच्या आडव्यातिडव्या बांध्यामुळे आणि दणदणीत आवाजामुळे सगळे 'बिग मामा' म्हणत. ते मूळ ध्वनिमुद्रण ऐकताना पहिल्याच ओळीला आपण दचकतो. लय संथ आहे, गिटार मधूनमधून टोचल्यासारखी वाजते, मागे टाळ्यांचा ठेका आहे आणि त्यावर ही बाई शब्द चावून, गुरगुरत, मध्येच गिटारवाल्याला हुकूम सोडत गाते. तिच्या दाराशी घुटमळणाऱ्या, तिच्या जिवावर खाणाऱ्या एका ऐतखाऊ पुरुषाला ती हाकलून देत असते. शेवटी वादक कुत्र्यांसारखे भुंकतात आणि केकाटतात, आणि त्या गोंधळातच गाणे संपते. १९५३ मध्ये ते रिदम अँड ब्लूज यादीत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. एल्विसने हे गाणे ज्या रूपात गायले ते लास व्हेगासमधील फ्रेडी बेल या गोऱ्या गायकाच्या वाद्यवृंदाचे होते. त्यांनी शब्द बदलले होते, त्यामुळे हाकलून देणारी बाई गाण्यातून नाहीशी झाली आणि ससा न पकडणारा एक कुत्रा तेवढा उरला. आपल्याला जे गाणे पाठ आहे ते हे दुसरे.

आता या गाण्याच्या मूळ ध्वनिमुद्रणामागे कोण कोण होते ते पाहा, कारण 'गोऱ्याने काळ्याचे चोरले' एवढ्या सरळ रेषेत ही हकीकत बसत नाही. गाणे लिहिले होते जेरी लीबर आणि माइक स्टोलर या १९ वर्षांच्या दोन गोऱ्या ज्यू मुलांनी, जे कृष्णवर्णीयांच्या संगीतावर मनापासून जीव टाकत होते. ध्वनिमुद्रणाची सूत्रे होती जॉनी ओटिसकडे. हा ग्रीक स्थलांतरितांचा मुलगा, म्हणजे जन्माने गोराच, पण तारुण्यातच त्याने ठरवले की समाज जर काळे की गोरे यांतून एक निवडायला लावणार असेल तर आपण काळे म्हणून जगायचे, आणि तो अखेरपर्यंत तसाच जगला. तबकडी काढणारी पीकॉक ही कंपनी ह्यूस्टनच्या डॉन रोबी यांची, आणि रोबी स्वतः कृष्णवर्णीय होते. पुढे एल्विसमुळे गाण्यातून मोठा पैसा येऊ लागला तेव्हा गीतकार म्हणून कोणाचे नाव लागावे यावरून ओटिस आणि लीबर-स्टोलर यांच्यात न्यायालयापर्यंत वाद गेला आणि ओटिस हरला. या सगळ्या भांडणात एक नाव कोठेच नव्हते, ते थॉर्नटनचे. तिच्याच सांगण्यानुसार या गाण्याबद्दल तिला ५०० डॉलरचा एक धनादेश मिळाला, बाकी काही नाही. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसमधील एका साध्या भाड्याच्या खोलीत तिचे निधन झाले, तेव्हा ती ५७ वर्षांची होती.

तिला काही का मिळाले नाही, याचे कारण कोणाच्या दुष्टपणापेक्षा कायद्यात जास्त आहे, आणि ते आपल्या कन्येलाही ठाऊक असावे असे मला वाटते. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यानुसार एकदा ध्वनिमुद्रित झालेले गाणे कोणीही पुन्हा गाऊ शकत असे. दर प्रतीमागे दोन सेंट गाण्याच्या हक्कदाराला, म्हणजे गीत-संगीतकाराला आणि प्रकाशकाला, दिले की झाले. ज्या गायकाने त्या गाण्याला चेहरा दिला, ठसका दिला, ते कसे म्हणायचे हे जगाला दाखवून दिले, त्याचा त्यात छदामही हक्क नव्हता. आकाशवाणीवर गाणे वाजले तर गीतकाराला पैसे मिळतात आणि गायकाला मिळत नाहीत, ही गोष्ट तर अमेरिकेच्या नेहमीच्या रेडिओ केंद्रांबाबत आजही खरी आहे. कृष्णवर्णीय संगीताचे सारे बळ ज्यात असते, तो गळ्याचा पोत, लयीशी केलेली लडिवाळ ओढाताण, श्वासाच्या जागा, ओरडणे, गुरगुरणे, हे कागदावर लिहिले जात नाही, म्हणून कायद्याच्या लेखी ते कोणाच्याच मालकीचे नव्हते. जे लिहिले जाते त्याचे पैसे होतात, जे गायले जाते ते फुकट उचलता येते. फॅट्स डॉमिनोचे उदाहरण याच्या उलट बाजूने हेच सांगते. १९५५ मध्ये त्याचे एक गाणे पॅट बून या गोऱ्यागोमट्या, सभ्य दिसणाऱ्या गायकाने गायले आणि ते मूळ गाण्यापेक्षा कितीतरी वर, थेट पहिल्या क्रमांकावर गेले. पण डॉमिनो त्या गाण्याचा सहलेखक होता, म्हणून बूनच्या प्रत्येक तबकडीमागे त्याच्या खात्यात काही ना काही जमा होत राहिले.

मात्र गाणे स्वतः लिहिले म्हणजे भागले, असेही नाही. एल्विसच्या पहिल्याच, १९५४ च्या तबकडीवरील गाणे आर्थर क्रुडप या ब्लूज गायकाने लिहिलेले आणि आधी गायलेले होते. हक्क त्याच्या व्यवस्थापकाच्या हाती होते. आयुष्यभर मजुरी करून क्रुडप १९७४ मध्ये गेला आणि त्याचे पूर्ण येणे तोवर आलेच नाही.

आता तीच १९५६ ची तबकडी उलटी करा. 'डोन्ट बी क्रुएल' हे गाणे ब्रुकलिनच्या ओटिस ब्लॅकवेल या कृष्णवर्णीय गीतकाराने लिहिले. तबकडीवर गीतकार म्हणून दोन नावे छापली गेली, ब्लॅकवेल आणि प्रेस्ली. एल्विसने त्या गाण्यात एक ओळही लिहिलेली नव्हती. गाणे एल्विसकडून हवे असेल तर लेखनाच्या उत्पन्नातला अर्धा वाटा सोडावा लागेल, ही त्याच्या बाजूच्या मंडळींची अट होती आणि ब्लॅकवेलने ती मान्य केली, कारण एल्विसच्या अर्ध्या उत्पन्नापुढे दुसऱ्या कोणाचे पूर्ण उत्पन्नही थोडेच ठरले असते. पहिल्या बाजूचे मला समर्थन करता येते. त्या गाण्यावर एल्विसचे प्रेम होते, ते त्याने कायद्याने गायले, आणि थॉर्नटनला पैसे न मिळणे हा त्याचा गुन्हा नव्हता. दुसऱ्या बाजूचे समर्थन मला करता येत नाही. आपल्या कन्येने कठोर शब्द वापरला याचा आपल्याला राग आला, पण न लिहिलेल्या गाण्यावर लेखक म्हणून नाव लावण्याला सौम्य शब्द मला तरी सापडत नाही.

एल्विसबद्दल न्यायाने हेही सांगितले पाहिजे की त्याने आपले ऋण लपवले नाही. १९५७ मध्ये 'जेट' या कृष्णवर्णीय वाचकांच्या नियतकालिकाशी बोलताना, हे संगीत आपल्या किती तरी आधीपासून चालत आले आहे आणि ते कृष्णवर्णीयांसारखे कोणी गाऊ शकत नाही, असे त्याने स्वच्छ म्हटले होते. मेम्फिसच्या ज्या गरिबीत तो वाढला तिथे हे संगीत त्याच्या कानावर आपोआप पडत होते. पण कृतज्ञता ही मनाची गोष्ट झाली आणि हिशेब ही वहीची. ज्याच्याकडे १९५६ नंतर अमाप पैसा होता त्याने क्रुडपच्या येण्याची चौकशी करायला लावली असती तर ती कोणाला टाळता आली नसती.

आणि त्या वर्षाचे वातावरणही ध्यानात घ्या. १० एप्रिल १९५६ रोजी अलाबामातील बर्मिंगहॅम येथे, गोऱ्या प्रेक्षकांपुढे चालू असलेल्या कार्यक्रमात, नॅट किंग कोल या अत्यंत सौम्य, सुटाबुटातल्या कृष्णवर्णीय गायकावर काही गोऱ्यांनी रंगमंचावर चढून हल्ला केला. त्याच वर्षअखेर सुरू झालेला त्याचा दूरचित्रवाणी कार्यक्रम राष्ट्रीय पातळीवरचा एकही प्रायोजक न मिळाल्याने वर्षभरात बंद पडला. त्याच राज्यातील मॉन्टगोमेरीत बसमधील वेगळ्या आसनांवरून कृष्णवर्णीयांचा बहिष्कार चालू होता. अशा देशात तेच संगीत, तीच अंगाची लय, गोऱ्या देहातून आली की तिच्यासाठी सारी दारे उघडत. एल्विसने ती दारे बंद केलेली नव्हती, पण ती केवळ त्याच्यासाठी उघडत होती हे खरे आहे.

म्हणूनच आपले नाट्यसंगीताचे उदाहरण इथे लागू पडत नाही. किर्लोस्करांच्या काळी कानडी चाली मराठी रंगभूमीवर आल्या, पण त्यांच्या मागोमाग कानडी मुलखातले गायकही त्याच रंगभूमीवर आले आणि मानाने उभे राहिले. कुंदगोळचे रामभाऊ मराठी नाटकांत गाऊनच 'सवाई गंधर्व' झाले आणि पुण्यात त्यांच्या नावाचा महोत्सव आजही भरतो. चाल घेतली आणि चालीच्या धन्याला बाहेर ठेवले, असे तिथे झाले नाही. आपल्याकडचे खरे जुळणारे उदाहरण हवे असेल तर ते लावणीत आणि तमाशात शोधावे लागेल, जिथे पिढ्यान्‌पिढ्या कोल्हाटी, महार, मांग कलावंतांनी कला सांभाळली, बदनामी त्यांच्या वाट्याला आली, आणि चित्रपटात वा सभागृहात तीच लावणी झळकली तेव्हा टाळ्या आणि बिदागी अनेकदा दुसऱ्यांना मिळाली. या गोष्टी मराठी घरांत जेवताना बोलल्या जात नाहीत. आपल्या घरात त्या बोलल्या जाव्यात असे मला मनापासून वाटते.

आणि तिथेच जॉनी ओटिसचा जुळा भाऊ शोभेल असा माणूसही सापडतो. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव, हे ब्राह्मण घरातून उठून तमाशात गेले, महार समाजातील पवळाबाईंबरोबर फडावर उभे राहिले, जातीने त्यांना टाकले, आणि अखेरचे दिवस त्यांनी हलाखीत काढले. दुसऱ्याची कला घेताना त्या कलेबरोबर येणारा अपमानही त्यांनी घेतला. ओटिसनेही तेच केले. असे करायला सगळ्यांनाच सांगता येणार नाही. पण कोण किती घेतो आणि त्याची किंमत म्हणून काय देतो, हे पाहायची सवय डोळ्यांना लागली की आपल्या कन्येने मायली सायरसचे नाव का घेतले ते चटकन कळते.

मायलीची गोष्ट एल्विसपेक्षा साधी आहे आणि म्हणून अधिक बोचरी. कंट्री गायक बिली रे सायरसची ही मुलगी डिस्नेच्या बालमालिकेतून लहान मुलांची देवता झाली. २०१३ मध्ये, वयाच्या २० व्या वर्षी, ती बालप्रतिमा तिला पुसायची होती, आणि पुसायला तिने कृष्णवर्णीयांची संस्कृती हाती घेतली. आपल्याला कृष्णवर्णीय वाटेल असे काही हवे आहे, अशी तिची मागणी होती, हे तिच्यासाठी काम करणाऱ्या गीतकारांनीच त्या वेळी मुलाखतीत सांगितले होते. अटलांटाचा नामवंत हिप-हॉप निर्माता माइक विल तिच्यासाठी काम करत होता. २५ ऑगस्ट २०१३ रोजी ब्रुकलिनमधील एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यात तिने ट्वर्किंग, म्हणजे वाकून नितंब हलवत करायचे नृत्य, केले. मागे पाठीवर मोठाली खेळण्यातली अस्वले बांधलेल्या कृष्णवर्णीय नर्तकी होत्या, आणि त्यांतल्या एकीच्या पार्श्वभागावर मायलीने भर रंगमंचावर थाप मारली. अनेक कृष्णवर्णीय स्त्रियांना त्या क्षणी जे वाटले ते आपल्या कन्येच्या मैत्रिणीला विचारायची गरज नाही, ते समजण्यासारखे आहे. त्या बाईला चेहरा नव्हता, नाव नव्हते. ती सजावटीचे सामान होती.

ट्वर्किंग हे काही त्या रात्री जन्मलेले नव्हते. न्यू ऑर्लिन्सच्या गरीब वस्त्यांमधील बाउन्स नावाच्या संगीतात ते १९९० च्या दशकाच्या आरंभापासून होते. १९९३ मध्ये डीजे जुबिलीच्या गाण्यात तो शब्द आलेला आहे, आणि बिग फ्रीडियासारख्या कलावंतांनी ते नृत्य वर्षानुवर्षे जिवंत ठेवले. त्या वस्तीतल्या मुलीने ते केले तर निर्लज्जपणा, आणि डिस्नेच्या मुलीने केले तर बंडखोरी, असा त्या वेळच्या प्रसिद्धीचा सूर होता.

पण मला वाटते, मैत्रिणींमध्ये आजही ज्याची सल आहे ते २०१३ नव्हे, २०१७ आहे. त्या वर्षी मायली गिटार, समुद्रकिनारा आणि पांढरे कपडे घेऊन कंट्री-पॉपकडे परतली आणि 'बिलबोर्ड'ला दिलेल्या मुलाखतीत म्हणाली की महागड्या गाड्या, घड्याळे आणि लैंगिक बढाया यांच्या गाण्यांमुळे ती हिप-हॉपपासून दूर झाली. चार वर्षांपूर्वी तिने स्वतः नेमके तेच विकले होते. जत्रेतला पोशाख उतरवून ठेवावा तशी तिने ती संस्कृती उतरवून ठेवली, आणि वर तो पोशाख मळका होता असेही सांगितले. ज्यांच्या अंगावरची ती कातडी आहे त्यांना ती उतरवता येत नाही. २०१९ मध्ये तिने या बोलण्याबद्दल जाहीर माफी मागितली, हे तिच्या बाजूने नमूद केले पाहिजे; ती माफी मला मनापासूनची वाटली. तरीही २०२४ मध्ये तिला ग्रॅमी मिळाले ते एका शुद्ध पॉप गाण्यासाठी, आणि मधल्या काळाचा तिच्यावर काही डाग उरला नव्हता. परत यायची वाट तिच्यासाठी कायम मोकळी होती.

उलट दिशेने जाऊ पाहणाऱ्यांची वाट कशी असते, तेही याच घराण्याच्या संदर्भात दिसते. मार्च २०१९ मध्ये लिल नास एक्स या कृष्णवर्णीय तरुणाचे 'ओल्ड टाउन रोड' हे गाणे बिलबोर्डने कंट्रीच्या यादीतून काढून टाकले, कारण त्यात कंट्रीचे घटक पुरेसे नाहीत असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर मायलीचे वडील बिली रे सायरस त्या गाण्याच्या नव्या आवृत्तीत त्याच्याबरोबर गायले, आणि ते गाणे मुख्य यादीत १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. बिली रे यांनी केले ते चांगलेच केले. पण कृष्णवर्णीय मुलाला कंट्रीच्या दारात उभे राहण्यासाठी गोऱ्या जामीनदाराची गरज का पडावी? २०२४ मध्ये हेच पुन्हा दिसले. रॅपमधून नाव कमावलेला, केसांच्या वेण्या आणि दातांवर सोनेरी मढवण असा अवतार असलेला पोस्ट मलोन हा गोरा गायक कंट्रीकडे वळला आणि कंट्री संगीताच्या वार्षिक सीएमए पुरस्कारांत त्याला चार नामांकने मिळाली. टेक्सासच्या ह्यूस्टनमध्ये वाढलेल्या कृष्णवर्णीय बियॉन्सेने त्याच वर्षी कंट्रीचा संपूर्ण अल्बम काढला आणि तिला त्या पुरस्कारांत एकही नामांकन मिळाले नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रॅमीने तिच्या त्याच अल्बमला वर्षातील सर्वोत्तम ठरवले, तेव्हा कोठे थोडी भरपाई झाली. आपल्या कन्येच्या पिढीने हे सगळे घडताना पाहिले आहे, म्हणून तिचा राग पुस्तकी नाही.

चांगले वागलेलेही पुष्कळ आहेत आणि ते तिच्यापाशी सांगावेत, पण ढाल म्हणून सांगू नयेत. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्स या गोऱ्या ब्रिटिश बँडला अमेरिकी दूरचित्रवाणीने बोलावले तेव्हा हाउलिन वुल्फ या ज्येष्ठ कृष्णवर्णीय ब्लूज गायकालाही बोलवा असा आग्रह त्यांनी धरला, आणि तो गात असताना ते त्याच्या पायाशी बसले. १९८१ मध्ये ब्लाँडी या बँडची गोरी गायिका डेबी हॅरी हिने स्वतःला मिळालेल्या राष्ट्रीय व्यासपीठावर ब्राँक्सच्या हिप-हॉप कलावंतांना उभे केले. जॅनिस जॉप्लिन या गोऱ्या गायिकेने थॉर्नटनचेच एक गाणे तिची परवानगी घेऊन, तिचे नाव जागोजाग सांगत गायले, आणि १९७० मध्ये पेनसिल्व्हेनियातील शॅरन हिल येथे बेसी स्मिथ या कृष्णवर्णीय ब्लूज गायिकेच्या निनावी पडून असलेल्या थडग्याला शिळा बसवण्याचा खर्च उचलायला पुढे आली. एमिनेम या रॅपरने तर आपण गोरे नसतो तर इतके विकलो नसतो हे स्वतःच्या गाण्यातच कबूल केले आहे, आणि त्याला घडवणारा कृष्णवर्णीय निर्माता डॉ. ड्रे कोण हे तो कधी विसरू देत नाही.

आता 'कलेला जात नसते' या वाक्याविषयी. आपण ते सद्‌भावनेने म्हणालात यात मला शंका नाही. पण आपण ज्या समाजातून आलो तिथे कलेला नसली तरी कलावंताला जात होती, आणि त्याने कोठे बसायचे, कोणाच्या ताटातले खायचे, बिदागी हातात घ्यायची की पदरात टाकून घ्यायची हे ती ठरवत होती. म्हणून हे वाक्य मराठी माणसाच्या तोंडून, तेही कृष्णवर्णीय पाहुणी ताटावर बसून गेल्यानंतर, निघाले की ऐकणाऱ्याला ते विषय बंद करण्यासाठी म्हटलेले वाटते. आपल्या भाषेत यापेक्षा फार मोलाचे धन आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने आपले नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून उघडपणे, अभिमानाने घेतले. कृष्णवर्णीयांकडून आपणही घेतले आहे, पण ते त्यांचे दुःख ओळखून आणि त्यांचे ऋण मानून घेतले आहे. आपली कन्या अमेरिकेत जन्मली असली तरी हा वारसा तिचा आहे, आणि कदाचित तिला तो कोणी सांगितलेला नाही. तो आपण सांगू शकता.

बोलायचे कसे, तर तिच्या मैत्रिणीला यात ओढू नका. 'तुला वाईट वाटले का' असे तिला विचारणे म्हणजे आपल्या घरातल्या वादात तिला न्यायाधीश बसवणे होईल, आणि एका मुलीवर साऱ्या समाजाच्या वतीने उत्तर देण्याचे ओझे टाकणे होईल. ती पुन्हा आली की तिचे नेहमीसारखे स्वागत करा. बोलायचे ते कन्येशी, आणि एकांतात. 'मी त्या दिवशी तुझ्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही, दुसऱ्याच प्रश्नाचे दिले,' एवढ्याने सुरुवात पुरेशी आहे. मग तबकडीच्या दोन्ही बाजूंची हकीकत तिला सांगा आणि तिचे मत विचारा. बहुधा ती आपल्याला अशा दोन-चार गोष्टी सांगेल ज्या मला या पत्रात सांगता आलेल्या नाहीत.

एका मुद्द्यावर मात्र आपण तिच्याशी मतभेद ठेवायला हरकत नाही. गोऱ्या गायकाने कृष्णवर्णीयांचे संगीत मुळात गाऊच नये, इथपर्यंत ती गेली तर तिला जॉनी ओटिस सांगा, पठ्ठे बापूराव सांगा, आणि एल्विसने ते गाणे गायले म्हणून थॉर्नटन गरीब राहिली नाही, तिचा वाटा कायद्याने आणि कंपन्यांनी ठेवला नाही म्हणून राहिली, हे शांतपणे सांगा. तिने प्रतिवाद केला तर तो मध्ये न तोडता ऐका. थॉर्नटनचे मूळ ध्वनिमुद्रण आज कोठेही सहज ऐकता येते आणि ते तीन मिनिटांचेही नाही. आधी एकटे बसून ते दोनदा ऐका, मग कन्येला बोलवा.